टेरियरचे केस जातात कुठे?

"टेरियर घ्या. केस गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जीचीही भीती नाही." छोटं कुत्रं पाळायचं ठरवलं की हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. यातलं पहिलं विधान बऱ्याच टेरियर जातींबाबत खरं आहे. दुसरं चुकीचं आहे.

ॲलर्जी केसांची नसते, प्रथिनांची असते. 'कॅन एफ १' हे त्यातलं मुख्य प्रथिन लाळेत असतं. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे बारीक कण घरभर पसरतात. 'कॅन एफ ५' हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीत बनतं, म्हणजे फक्त नरात. म्हणून काहींना नराजवळ शिंका येतात आणि मादीजवळ काहीच होत नाही. 'ॲलर्जी-फ्री' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत कॅन एफ १ मोजून झालं आहे आणि ते इतरांपेक्षा कमी भरलेलं नाही. तरीही त्या शब्दावर पिल्लांची किंमत चढवली जाते, याचा मला मनापासून राग येतो. घरात कुणाला दमा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता केसांकडे येऊ. आमचा टिल्लू बॉर्डर टेरियर आहे. त्याच्या पाठीवरचा एखादा लांबलेला केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने हलकेच ओढला, की तो अलगद हातात येतो. टिल्लू मान वळवूनही बघत नाही. केसाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढुरका गड्डा दिसतो. तो केस कधीच मेलेला होता, फक्त जागा सोडत नव्हता.

प्रत्येक केसाचं एक चक्र असतं: वाढ, उतार, विश्रांती आणि शेवटी गळणं. बहुतेक कुत्र्यांत विश्रांती संपली की केस सोफ्यावर पडतो. राठ केसांच्या टेरियरमध्ये मात्र तो रोमकूपातच अडकून राहतो. 'टेरा' म्हणजे जमीन, त्यावरून टेरियर. बिळात घुसून कोल्ह्या-उंदरांचा पाठलाग करणाऱ्या या कुत्र्यांना माती आणि काटेकुटे अडवणारं हे चिलखतच होतं.

ते कशातून आलं, हे 2009 साली 80 जातींच्या हजारावर कुत्र्यांच्या अभ्यासातून उलगडलं. कुत्र्यांच्या केसांचं बहुतेक वैविध्य जेमतेम तीन जनुकांत सामावलेलं निघालं. लांबी 'एफजीएफ५' ठरवतं, कुरळेपणा 'केआरटी७१' आणि राठपणा 'आरएसपीओ२'. टेरियरच्या मिशा, दाढी आणि झुपकेदार भुवयाही या तिसऱ्याच्याच. त्यात डीएनएच्या 167 अक्षरांचा एक जादा तुकडा घुसलेला असतो. गंमत म्हणजे तो प्रथिन बनवण्याच्या कृतीत नसतो, कृती संपल्यानंतरच्या शेपटीत असतो. प्रथिन तेच राहतं. मात्र ते बनवायला सांगणाऱ्या जनुकाच्या नकला (आरएनए) मुस्कटाच्या त्वचेत सुमारे तिप्पट आढळल्या. हे प्रथिन करतं काय? रोमकूपाला 'वाढ' असं सांगणारी 'विंट' नावाची संदेशयंत्रणा असते. तिचे संदेश झेलणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि 'आरएनएफ४३', 'झेडएनआरएफ३' ही प्रथिनं ते सतत काढून टाकत असतात. आरएसपीओ२ या काढणाऱ्यांनाच दूर करतं. ग्राहक टिकतात, संदेश मोठ्याने ऐकू येतो. आई किंवा वडील, एकाकडून आलेली एक प्रत दाढीमिशांना पुरते. जनुकाचं हेच रूप कमी केसगळतीशीही जोडलेलं आढळलं आहे.

म्हणून गळण्याचं काम आपल्याला करावं लागतं. मेलेले केस हाताने उपटण्याला स्ट्रिपिंग म्हणतात. जागा मोकळी झाली की नवा राठ केस उगवतो. मशीन फिरवलं तर वरचा जाड, गडद भाग जातो, खालचा मऊ भाग उरतो; लव कापसासारखी होते आणि रंग फिका पडतो. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला मशीनच बरं. यॉर्कशायर टेरियरचे केस रेशमी, सतत वाढणारे; त्याला स्ट्रिपिंग नको, रोज विंचरणं हवं, नाहीतर काखेत आणि कानामागे जटा होतात.

या निमित्ताने कुत्रं अर्धा तास हाताखाली असतं, तेव्हा तोंडही उघडून बघावं. एवढ्याशा जबड्यात मोठ्या कुत्र्याइतकेच, 42 दात दाटलेले असतात आणि फटींत कीट साचतं. कुत्र्यांचीच पेस्ट वापरावी. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते त्यांना विषारी. गळ्यात पट्ट्याऐवजी हार्नेस बरा, कारण छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या सैल पडू शकतात आणि ओढ बसली की खोकल्याची उबळ येते. गोचिडांसाठी लसूण खाऊ घालायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. गोचिडांसाठी पशुवैद्याचं औषध आहे.

स्ट्रिपिंगनंतर टिल्लू काही दिवस बोडका दिसतो. मग एका संध्याकाळी त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवताना तळव्याला बारीक खरखर जाणवते.