कापडाच्या नळीतलं दुःख

अमूर्त नृत्य, म्हणजे ठरावीक गोष्ट न सांगणारं नृत्य, पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘छान होतं, पण कळलं काहीच नाही.’ मला ते खरं वाटत नाही. कळलेलं असतं, शब्दांत सांगता येत नसतं, इतकंच.

अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं ‘लॅमेंटेशन’ (विलाप) घ्या. १९३० सालचं, चारेक मिनिटांचं एकल नृत्य. बाकावर एक स्त्री बसलेली. अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, तिच्यातून बाहेर फक्त चेहरा, हात आणि पावलं. जवळजवळ सगळं नृत्य बसूनच. ती कोपर बाहेर ढकलते, धड एका अंगाला झोकून देते, आणि कापडावर तिरक्या, ताठ रेघा उमटतात. कोण गेलं, कधी गेलं, काही सांगितलेलं नाही. आक्रोश आहे तो त्या कापडात. एका प्रयोगानंतर एक बाई ग्रॅहमला भेटायला आली. डोळ्यांदेखत मुलगा ट्रकखाली गेला तरी तिला रडू फुटलं नव्हतं. ते त्या दिवशी फुटलं, असं ग्रॅहम सांगत असे.

नुसत्या हालचालीतून एवढं कळतं? १९७३ साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावले आणि बाकी सगळा अंधार केला. स्थिर असताना नुसते ठिपके. हलले की क्षणात चालणारा माणूस! पुढे १९९६ मध्ये हीच युक्ती नर्तकांवर वापरली गेली. त्यांनी भीती, राग, शोक, आनंद, आश्चर्य आणि किळस अशा सहा भावना नाचून दाखवल्या. पूर्ण उजेडात प्रेक्षकांनी ८८ टक्के वेळा भावना बरोबर ओळखली. नुसत्या ठिपक्यांवरून ६३ टक्के. चेहरा नाही, पोशाख नाही, तरीही.

मग ओळखतो आपण कशावरून? हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबानने हालचालीचे चार गुण मांडले होते: वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह. आत्ताच हात पुढे करून बघा. एकदा झटक्यात, एकदा पाण्यातून ओढल्यासारखा. हात तोच, जागा तीच; पण पहिला ‘चालता हो’ म्हणतो, दुसरा ‘थांब ना’. शास्त्रीय नृत्यातल्या मुद्रेला ठरलेला अर्थ असतो, कोशातल्या शब्दासारखा. अमूर्त नृत्यात असा कोश नाही. तिथे प्रतीक त्या हालचालीच्या जोरातून आणि पुन्हापुन्हा येण्यातून घडत जातं.

पाहणाऱ्याचं शरीरही यात सामील असतं. २००५ च्या एका अभ्यासात बॅले आणि कापोएरा (ब्राझीलमधला नृत्यासारखा युद्धप्रकार) करणाऱ्यांना दोन्ही प्रकारांच्या चित्रफिती दाखवल्या. स्वतःला येणाऱ्या हालचाली पाहताना त्यांच्या मेंदूतले हालचालींशी निगडित भाग जास्त जागे झाले. यावरून ‘नर्तकाचं दुःख थेट आपल्या मेंदूत उतरतं’ असं सांगणारे भेटतात. ती मात्र उडी फार लांबची आहे.

आणि अर्थ जोडण्याची आपली हौस तर विचारूच नका. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एका छोट्या चित्रफितीत दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरताना दाखवलं. ३४ जणांपैकी एकालाच त्यात नुसती भूमिती दिसली. बाकीच्यांनी भांडण, पाठलाग, दादागिरी असं काय काय पाहिलं.

अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमने १९५१ मध्ये ‘सिक्स्टीन डान्सेस’ रचलं. आधार चक्क आपल्या नवरसांचा! भाग कुठल्या क्रमाने यावेत हे ठरवताना मात्र त्याने नाणं उडवलं. आता रागानंतर शोक आला, तर प्रेक्षक त्यात पश्चात्ताप बघणारच. नाण्याला त्याचा पत्ता नव्हता.