मजबूत वीट आधी का फुटते?

पोलादाच्या लॅडलमध्ये, म्हणजे आतून विटांचे अस्तर असलेल्या मोठ्या भांड्यात, सुमारे 1,600 अंश सेल्सिअसचा वितळलेल्या पोलादाचा रस ओततात. लॅडल रिकामी झाली की विटांच्या आतल्या तोंडाला हवा लागते, मग पुन्हा रस. या ओढाताणीत अस्तर नेमके कुठे तडकेल हे आधी कळावे, म्हणून गणिती प्रारूपे रचली जातात.

सुरुवातीची काळजी रसायनाची होती. 1878-79 मध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी कन्व्हर्टरला, म्हणजे लोखंडाचे पोलाद करणाऱ्या भट्टीला, डोलोमाइट या खडकाचे अस्तर देऊन लोखंडातला फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, काढून दाखवला. अशा अल्कधर्मी अस्तरांचा जमाना आला, पण त्यांतला मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचे ऑक्साइड) तापला की फार फुगतो: 1,500 अंशांपर्यंत मीटरमागे जवळजवळ 2 सेंटीमीटर. सांधे घट्ट ठेवले तर विटा एकमेकींना चिरडतात, सैल ठेवले तर रस आत शिरतो.

1955 मध्ये सिरॅमिक पदार्थांचे अभ्यासक किंगरी यांनी तापमानाच्या झटक्याने येणाऱ्या ताणाचे सूत्र नीट मांडले. त्यावरून वाटते की वीट जितकी मजबूत तितकी टिकाऊ. भट्टीवरचा अनुभव उलटा होता. दाट, कडक वीट एका झटक्यात दुभंगते; जाड कणांची, आधीच बारीक तडे असलेली वीट तग धरते. हे कोडे 1969 मध्ये हॅसलमन यांनी सोडवले, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण तेच. तडा सुरू होणे आणि तो पुढे धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजबूत वीट ताण जास्त सोसते, म्हणून तिच्यात ऊर्जाही जास्त साठते, आणि फुटताना तीच ऊर्जा तड्याला ढकलते.

पुढची हत्यारे काँक्रीटवाल्यांकडून आली. हिलरबोर्ग यांनी 1976 मध्ये दाखवले की तड्याच्या टोकाशी ताण एकदम शून्य होत नाही, हळूहळू उतरतो. पदार्थाची झीज, म्हणजे आतून होणारी मोडतोड, 0 ते 1 अशा आकड्यात मोजण्याच्या पद्धतीचे बीज कचानोव यांच्या 1958 च्या कामात आहे. नुसत्या लवचिक पदार्थाचे गणित विटेला न पेलणारे ताण दाखवी, आणि प्रत्यक्षात वीट शाबूत असे. झीज, उच्च तापमानातली सरपट (सतत ताणाखाली पदार्थाचे हळूहळू वाकणे-ताणणे) आणि सांधे गणितात घेतल्यावर ही तफावत कमी होऊ लागली.

सांधे मात्र अजूनही किचकट. हजारो विटांचा प्रत्येक सांधा स्वतंत्र मांडला तर संगणकही थकतो. म्हणून भिंत हाच एक पदार्थ मानतात आणि सांधे मिटले की उघडे, त्याप्रमाणे त्याचा ताठपणा बदलतात. 2017 मध्ये युरोपात सुरू झालेल्या 'अॅथोर' प्रकल्पात अशाच बहुस्तरीय (कणापासून भिंतीपर्यंत वेगवेगळ्या मापांवरच्या) प्रारूपांवर काम झाले.