मेफिस्टो (चित्रपट)

इश्तवान साबो यांनी दिग्दर्शित केलेला, १९८१ मध्ये प्रदर्शित झालेला हंगेरियन चित्रपट. नाझी राजवटीच्या आश्रयाने मोठा होत गेलेल्या हेंड्रिक होफगेन या जर्मन नटाची ही कथा आहे. ही भूमिका ऑस्ट्रियन अभिनेते क्लाउस मारिया ब्रांडाउअर यांनी केली. छायाचित्रण लायोश कोल्तई यांचे. सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला हंगेरियन चित्रपट. साबो आणि पेटर दोबई यांच्या पटकथेला कान महोत्सवात पारितोषिक मिळाले.

होफगेन आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो हॅम्बुर्गच्या नाट्यगृहात, रंगपटात. रंगमंचावर एका नामांकित गायिका-नटीला टाळ्या पडत आहेत आणि तो आवाज सहन न होऊन हा आत तडफडतो आहे. पुढच्या साऱ्या तडजोडींचे बीज इथेच पडते. नाझी विचारांचे त्याला प्रेम नाही. तो डाव्या मित्रांत वावरतो, कामगारांसाठी नाटक करायच्या गोष्टी करतो. ज्युलिएट या कृष्णवर्णीय नर्तिकेशी त्याचे चोरून संबंध आहेत. पण त्याला टाळ्या हव्यात, आणि त्याची भाषा जर्मन. हिटलर सत्तेवर आल्यावर पत्नी बार्बरा देश सोडते. तो बर्लिनच्या रंगभूमीवर राहतो.

चित्रपटाचा गाभा मला नाटकाच्या मध्यंतराच्या प्रसंगात सापडतो. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातला सैतान मेफिस्टो साकारणारा होफगेन, चेहरा पांढऱ्या रंगाने माखलेला, तसाच वेशात जनरलच्या बॉक्समध्ये जातो. हा जनरल म्हणजे उघडच हिटलरचा निकटचा सहकारी हर्मन गोरिंग. पूर्व जर्मन अभिनेते रोल्फ होपे यांनी तो प्रेमळ काकासारखा रंगवला आहे, म्हणूनच त्याची धडकी भरते. खाली सारे प्रेक्षागृह माना वर करून दोघांकडे पाहत राहते. जनरल हस्तांदोलन करतो आणि या दमदार नटाचा हात इतका लिबलिबीत कसा, याचे त्याला नवल वाटते. फाउस्टच्या गोष्टीत सैतान आत्मा विकत घेतो. इथे सैतानाचा वेश घेतलेलाच विकला जातो.

मग नाट्यगृहाचे प्रमुखपद येते, मोठे घर येते. पदावर राहिलो तर चार जणांना वाचवता येईल, असे तो स्वतःला समजावतो, आणि काही वेळा ते खरेही ठरते. ओटो या मित्रासाठी रदबदली करायला गेल्यावर मात्र जनरल त्याच्यावर ओरडून त्याला हाकलून देतो. अखेरीस रिकाम्या क्रीडांगणात प्रखर झोत त्याचा पाठलाग करतात आणि तो पुटपुटतो की आपण तर फक्त एक नट आहोत.

मूळ कादंबरी क्लाउस मान यांची. नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या मान यांनी ती १९३६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध केली. होफगेनमागे त्यांचे एकेकाळचे मेहुणे, नट गुस्टाफ ग्रुंडगेन्स उभे आहेत. ग्रुंडगेन्स काही काळ मान यांची बहीण एरिका हिचे पती होते. पुढे गोरिंगच्या मर्जीने ते बर्लिनच्या प्रशियन राज्य रंगभूमीचे प्रमुख झाले. त्यांनी काही सहकाऱ्यांचे प्राण वाचवले, हेही नोंदवायला हवे. ग्रुंडगेन्स १९६३ मध्ये वारल्यावर त्यांच्या दत्तकपुत्राने पश्चिम जर्मनीत या कादंबरीविरुद्ध दावा लावून बंदी मिळवली. १९७१ मध्ये घटना न्यायालयात न्यायाधीशांची मते ३ विरुद्ध ३ अशी विभागली गेली, म्हणून बंदी कायम राहिली. चित्रपटाच्याच वर्षी, १९८१ मध्ये, एका प्रकाशकाने बंदी न जुमानता कादंबरी पश्चिम जर्मनीत छापली आणि ती धडाक्यात खपली.

साबो आणि ब्रांडाउअर या जोडीने पुढे ‘कर्नल रेडल’ (१९८५) व ‘हानुसेन’ (१९८८) हे चित्रपट केले. सत्तेच्या सावलीतला माणूस हाच त्यांचाही विषय. २००६ मध्ये बुडापेस्टच्या एका साप्ताहिकाने उघड केले की हंगेरीतला १९५६ चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडला गेल्यानंतर, विद्यार्थी असताना, साबो गुप्त पोलिसांना आपल्या सहाध्यायांविषयी अहवाल देत होते. एका वर्गमित्राला वाचवण्यासाठी आपण हे केले, असे त्यांनी तेव्हा सांगितले. अनेक हंगेरियन कलावंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज हा चित्रपट पाहताना होफगेनविषयी दिग्दर्शकाला वाटणारी जवळीक जाणवते, आणि ती कुठून आली असेल हा प्रश्न पाठ सोडत नाही.