घटनानिर्मिती आणि घटनादुरुस्ती : मालमत्तेच्या हक्काचा प्रवास

घटनानिर्मिती म्हणजे नव्या राष्ट्राने आपल्या राज्यकारभाराचा मूलभूत कायदा स्वतः ठरवण्याची प्रक्रिया. मसुदा, चर्चा आणि दुरुस्ती असे तिचे टप्पे सांगितले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात, कारण चर्चेत न मिटलेला मतभेद मजकुरात शिल्लक राहतो आणि पुढे दुरुस्तीच्या रूपाने वर येतो. भारतीय संविधानातील मालमत्तेचा हक्क हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ठाणे-बेलापूर पट्टा, पनवेल आणि उरण इथल्या ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली, त्या गावांना हा प्रवास पुस्तकात शोधावा लागत नाही; तो त्यांच्या सातबाऱ्यावर उमटलेला आहे.

संविधान सभेची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 रोजी दिल्लीत भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुरुवातीला बंगालमधून निवडून आले होते. फाळणीमुळे ती जागा गेल्यावर जुलै 1947 मध्ये ते मुंबई प्रांतातून सभेत आले आणि 29 ऑगस्ट 1947 रोजी नेमलेल्या सात सदस्यांच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केलेला कच्चा मसुदा समितीपुढे होता. त्यावरून समितीने सिद्ध केलेला 315 अनुच्छेदांचा मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबरपासून सभेने तो अनुच्छेदवार तपासला. एकूण 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेल्या संविधानात 395 अनुच्छेद होते.

मालमत्तेविषयीचा मसुद्यातील 24 क्रमांकाचा अनुच्छेद सप्टेंबर 1949 मध्ये चर्चेला आला. सरकारने खासगी जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली तर मालकाला किती द्यायचे, आणि ती रक्कम पुरेशी आहे की नाही हे न्यायालयाने तपासायचे की विधिमंडळाने, हा वादाचा गाभा होता. पूर्ण बाजारभाव द्यायचा ठरवले असते तर जमीनदारी नष्ट करण्याचे कायदे सरकारी तिजोरीला पेलले नसते. भरपाईची हमीच दिली नसती तर लहान मालकही उघडा पडला असता. पंडित नेहरूंनी मांडलेली तडजोड अखेर अनुच्छेद 31 म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात भरपाई हा शब्द राहिला, तो पुरेशी, योग्य अशा कोणत्याही विशेषणावाचून, आणि प्रांतांच्या काही जमीनसुधारणा कायद्यांना स्वतंत्र संरक्षण मिळाले. 1955 मध्ये राज्यसभेत बोलताना आंबेडकरांनी या अनुच्छेदाची जबाबदारी मसुदा समितीची नाही, असे स्पष्टच सांगितले. एखाद्या घटनाकाराने एका तरतुदीपासून इतक्या उघडपणे अंतर ठेवावे, हे घटनानिर्मितीच्या अभ्यासकाने जरूर लक्षात घ्यावे.

तडजोड दीड वर्षही टिकली नाही. पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला आणि जून 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. ती करणारी हंगामी संसद म्हणजे मूळची संविधान सभाच होती. ज्यांनी संविधान लिहिले, त्यांनीच ते प्रथम बदलले. या दुरुस्तीने नववी अनुसूची निर्माण केली आणि तिच्यातील 13 कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नाही असे ठरवले. त्यांत मुंबई प्रांताचा 1948 चा कूळ कायदा होता, तसाच खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करणारा कायदाही होता. कोकणातल्या वाचकाला या दोन नावांचे वजन वेगळे सांगायला नको. खोतीविरुद्धचे विधेयक आंबेडकरांनी 1937 मध्येच मुंबई विधिमंडळात मांडले होते.

पुढचा इतिहास एका शब्दाभोवती फिरतो. बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई म्हणजे घेतलेल्या वस्तूच्या तोडीस तोड मोबदला, असा अर्थ लावला. संसदेने 1955 च्या चौथ्या दुरुस्तीने भरपाईच्या पुरेपणाचा प्रश्न न्यायालयाबाहेर काढला. 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात न्यायालयाने तो पुन्हा आत आणला, तेव्हा 1971 च्या पंचविसाव्या दुरुस्तीने भरपाई हा शब्दच काढून तिथे रक्कम हा शब्द घातला. भरपाईत झालेल्या हानीचे माप असते. रकमेत फक्त आकडा असतो. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 मतांनी संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येणार नाही असे ठरवले. अखेर 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद 19 मधील मालमत्तेचा हक्क आणि अनुच्छेद 31 हे दोन्ही वगळले. 20 जून 1979 पासून मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क न राहता अनुच्छेद 300अ खाली घटनात्मक हक्क उरला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.

नेमक्या याच दशकात ठाणे खाडीच्या पूर्वेला नवी मुंबई आकाराला येत होती. मार्च 1970 मध्ये हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भूसंपादन 1894 च्या ब्रिटिशकालीन कायद्याने होत असे, आणि त्या कायद्यात भाव धरला जाई तो पहिल्या अधिसूचनेच्या दिवसाचा. निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, कितीही वर्षांनी झाला, शेजारी रस्ता आणि वसाहत उभी राहिली, तरी भाव त्या दिवशीच थांबलेला. शिवाय भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. मिठागरावर मजुरी करणाऱ्याची किंवा खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याची उपजीविका कोणत्याही निवाड्यात जमिनीइतकी स्पष्ट दिसत नव्हती. माझ्या मते अनुच्छेद 31 वरच्या साऱ्या वादातली ही मोठी उणीव आहे: दोन्ही बाजू मालकाविषयी बोलत राहिल्या.

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकऱ्यांनी भावासाठी लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. तिचे वैशिष्ट्य असे की ती संविधानातल्या भरपाई किंवा रक्कम यांपैकी कोणत्याही शब्दातून आली नाही. मोबदला पैशात न मोजता पुन्हा जमिनीत मोजावा, हा विचार आंदोलनातून पुढे आला. 1894 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून रद्द झाला आणि नव्या कायद्याने पुनर्वसन हा संपादनाचाच भाग मानला, उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनांनाही बाधित कुटुंबांत धरले.

घणसोली, करावे, दिवाळे अशा गावांत आजही मूळ गावठाणाची हद्द आणि तिच्याबाहेर वाढलेली वस्ती यांत नकाशावर रेघ आहे. कुटुंबे वाढली तशी लोकांनी त्या रेघेपलीकडे, आपल्याच पूर्वीच्या शेतात, घरे बांधली. त्यांना गरजेपोटीची घरे म्हणतात, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे निवेदनांतून, शासन निर्णयांतून आणि न्यायालयांतून चालत आला आहे.