चावी फिरतेय, पण फट का पडत नाही?

वरचा जबडा अरुंद असला की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. बारा-तेराव्या वर्षी उपाय सोपा असतो. टाळूला एक्सपांडर, म्हणजे जबडा रुंद करणारं स्क्रूचं उपकरण बसवायचं, आई-बाबांनी रोज त्याच्या स्क्रूची चावी फिरवायची, की टाळूच्या मधोमध असलेली हाडांची शिवण उघडते. हिंजवडीत नोकरी लागल्यावर, पंचविशीत ब्रेसेस लावायला निघालेल्यांची शिवण मात्र बहुधा घट्ट जुळलेली असते. तिथे नुसता जोर लावला तर दाढाच बाहेर कलतात, मुळांवरचं पातळ हाड झिजतं आणि हिरडी दातावरून मागे सरते. कमान रुंद दिसते खरी, पण जबडा होता तेवढाच राहतो.

शिवण किती जुळली आहे हे नुसत्या वयावरून सांगता येत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन काढतात. जुळणी अर्धवट असेल तर टाळूच्या हाडात चार मिनिस्क्रू (बारीक स्क्रू) रोवून त्यांवर एक्सपांडर बसवता येतो. या पद्धतीला मार्पे म्हणतात. तरुणांत ते अनेकदा जमतं. शिवण नाहीच हलली, तर सार्पे, म्हणजे हाड कापून मग एक्सपांडरने जबडा रुंद करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

सार्पेत नुसती शिवण कापून भागत नाही, कारण मोठा अडसर असतो गालाच्या हाडाखालच्या जाड आधाराचा. पूर्ण भूल देऊन ओठाच्या आत, हिरडीच्या वर छेद घेतात. नाकपुडीच्या हाडाच्या कडेपासून मागे दाढांच्या पलीकडे, दातांच्या मुळांच्या टोकांपासून सुमारे 5 मिमी वरून, दोन्ही बाजूंनी हाड कापतात. बरेच सर्जन सर्वांत मागचा, जबड्यामागच्या टेरिगॉइड हाडाशी असलेला सांधाही सोडवतात. तो तसाच ठेवला तर जबडा हातपंख्यासारखा पुढे जास्त आणि मागे कमी उघडतो. मग पुढच्या दोन दातांच्या मुळांमधून पातळ छिन्नी घालून शिवण फोडतात. छिन्नीचं टोक कुठवर आलं ते कळावं म्हणून सर्जनचं एक बोट टाळूवर असतं. मुळं फार जवळ असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टने (ब्रेसेस लावणाऱ्या दंततज्ज्ञाने) ती आधीच थोडी दूर केलेली बरी.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक्सपांडरचा स्क्रू 1 ते 2 मिमी उघडून दोन्ही भाग सारखे हलतात ना, हे बघतात. एका बाजूचा काप अपुरा राहिला की जबडा एकीकडेच सरकतो. हे तिथेच लक्षात आलं तर ठीक, नंतर निस्तरणं अवघड.

पुढे पाच ते सात दिवस चावीला हात लावायचा नाही. मग सकाळ-संध्याकाळ पाव-पाव फेरा, म्हणजे साधारण 0.25 मिमी दोनदा. चावी भोकात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक दिसेपर्यंत. काढतानाही ती मागच्याच बाजूने निसटवायची. पुढे ओढली की दिलेला फेरा उलटा फिरतो. फट पडत नसल्याची तक्रार घेऊन आलेल्याला आधी आरशासमोर चावी फिरवायला सांगावं.

काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसायला हवी. लग्न तोंडावर आलेल्यांना ती बघून धडकी भरते, पण जबडा उघडत असल्याची तीच खूण असते. फट नाही आणि दाढा दुखतायत, तर फेरे थांबवून डॉक्टरांना गाठावं. नाकातून थोडं रक्त येणं आणि गाल-ओठ काही आठवडे बधिर राहणं अपेक्षित असतं. रक्त थांबतच नसेल तर थेट रुग्णालय. सायनस उघडलेला असल्याने दोनेक आठवडे नाक शिंकरायचं नाही. मऊ भात, खिचडी चालेल, बाकरवडीला सुट्टी.

जबडा पुढे-मागे किंवा वर-खालीही न्यायचा असेल, तर त्याचे दोन-तीन तुकडे करून एकाच शस्त्रक्रियेत प्लेटा बसवतात. पण टाळूची जाड कातडी एका दमात ताणत नाही, त्यामुळे 6-7 मिमीपेक्षा जास्त रुंदी त्यातून टिकवणं कठीण. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं रंगूनवाला अशा दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्स आणि ओरल सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. निर्णय दोघांनी मिळून, पहिली तार लागण्याआधी घ्यायला हवा.

हवी तेवढी रुंदी मिळाली की स्क्रू पक्का करतात. हिरडीतले तंतू ओढत असल्याने पुढची फट आपोआप मिटू लागते. ती मिटली म्हणून एक्सपांडर काढायची घाई करू नये: फटीमागचं नवं हाड तेव्हा कोवळंच असतं आणि त्याला घट्ट व्हायला तीन ते सहा महिने लागतात.