स्थानिक माहितीवर आधारित नियोजन (कोल्हापूर)

गाव, प्रभाग किंवा तालुक्याच्या पातळीवर नियमित नोंदवलेली माहिती तिथल्याच सार्वजनिक निर्णयांसाठी वापरण्याच्या पद्धतीला स्थानिक माहितीवर आधारित नियोजन म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे पंचगंगेच्या पाणीपातळीची नोंद होय.

कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर ही पातळी फुटा-इंचांत मोजली जाते. तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. पावसाळ्यात हे आकडे शहरात तोंडपाठ असतात. मात्र त्यांना अर्थ येतो तो कोणत्या फुटाला कोणती वस्ती हलवायची आणि कोणता रस्ता बंद होतो, हे मागच्या पुरांवरून ठरलेले असल्यामुळे. शहरातील सुतारवाडा आणि करवीर तालुक्यातील आंबेवाडी व प्रयाग चिखली येथील स्थलांतराचा विचार याच अनुभवावर होतो. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जलाशय भरल्यावर आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून सुमारे १,४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते. त्यामुळे किती दरवाजे उघडले ही बातमी नदीकाठाला तयारीसाठी मिळालेली पूर्वसूचनाच ठरते.

पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची संख्याही रोज जाहीर होते. कोल्हापूर पद्धतीचे हे बंधारे पाणी अडवण्यासाठी बांधलेले असले, तरी त्यांतील अनेकांवरून गावांची ये-जा चालते. त्यामुळे ही संख्या पुराइतकीच तुटलेल्या वाहतुकीचीही असते, आणि रुग्ण, गरोदर स्त्रिया व दूधसंकलन यांची सोय लावताना ती अधिक उपयोगी पडते.

एका ठिकाणचे मोजमाप सर्वत्र लागू पडत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल, तर पंचगंगेच्या पाण्याचा निचरा रेंगाळतो आणि शिरोळ तालुक्यात पूर लांबतो. तिथल्या निर्णयांसाठी कृष्णेची पातळी आणि कृष्णेवरच पुढे कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग पाहावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा जुन्या पूरखुणांवर विसंबलेले अनेक अंदाज अपुरे पडले. बांधकामांवर नियंत्रणासाठी निळी व लाल पूररेषा आखतात. पहिली साधारण २५ वर्षांतून, तर दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी निगडित असते.

पुराबाहेर ही पद्धत तितकी रुजलेली नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामपंचायतीने गावाची स्थिती तपासून ग्रामसभेपुढे आराखडा ठेवणे अपेक्षित असते. लोकसंख्येचा आधार मात्र २०११ च्या जनगणनेचाच असल्याने शहरालगत वाढलेल्या गावांत तो अपुरा ठरतो. तिथे आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविकांच्या घरोघरच्या नोंदी वस्तुस्थितीला अधिक जवळच्या असतात, पण त्या आरोग्य आणि पोषणाच्या कामापुरत्या घेतलेल्या असल्याने पाणी, गटारे किंवा रस्त्यांचे नियोजन करताना फारशा उघडल्या जात नाहीत.