बुसिया, कोफी अब्रेफा

(११ जुलै १९१३ – २८ ऑगस्ट १९७८). घानाचे समाजशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि १९६९ ते १९७२ या काळातील पंतप्रधान. स्वतंत्र घानाचे पहिले सत्ताधारी क्वामे एनक्रुमा यांच्या राजवटीला सुरुवातीपासून तात्त्विक भूमिकेवरून विरोध करणाऱ्या मोजक्या नेत्यांत त्यांची गणना होते. सत्ताधाऱ्याला लगाम कोणी घालायचा, हा बुसिया यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न होता. राजकारणातही त्यांनी तोच प्रश्न लावून धरला. पुढे सत्ता हाती आल्यावर याच कसोटीवर त्यांची स्वतःची कारकीर्द जोखली गेली आणि तीत ते पुरते उतरले नाहीत.

त्यांचा जन्म तेव्हाच्या गोल्ड कोस्ट (आजचा घाना) या ब्रिटिश वसाहतीत, कुमासीच्या वायव्येला असलेल्या वेंची या गावी तेथील राजघराण्यात झाला. वाढले मात्र ते मेथडिस्ट मिशनच्या शाळांत. केप कोस्टची म्फान्त्सिपिम शाळा आणि कुमासीचे वेस्ली कॉलेज येथे शिकून ते शिक्षक झाले. अचिमोटा येथील नामांकित संस्थेत शिकवत असतानाच त्यांनी लंडन विद्यापीठाची इतिहासाची पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. त्यानंतर ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांची पदवी घेतली. १९४२ मध्ये ते मायदेशी साहाय्यक जिल्हा आयुक्त झाले. ही जागा तोवर गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच राखलेली असे. तिच्यावर नेमल्या गेलेल्या पहिल्या दोन आफ्रिकी व्यक्तींपैकी बुसिया एक होते. गावोगावच्या प्रमुखांशी वसाहतीचे सरकार कसे वागते, हे त्यांना सरकारच्या बाजूला बसून पाहायला मिळाले. राजघराण्यातला जन्म आणि हा अनुभव या दोन्हींचा त्यांच्या संशोधनाला मोठा उपयोग झाला.

नोकरी सोडून ते पुन्हा ऑक्सफर्डला गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी सामाजिक मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. कुमासीच्या परिसरातील अशांती समाजातील पारंपरिक प्रमुखाचे आधुनिक राज्यव्यवस्थेतील स्थान हा प्रबंधाचा विषय होता. तो १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अशांती समाजात प्रमुखाची गादी विशिष्ट कुळाकडे असली, तरी त्या कुळातला कोणता पुरुष गादीवर बसणार हे जन्मानेच ठरलेले नसते. राणीमाता नाव सुचवते, वडीलधाऱ्यांचे मंडळ त्यावर विचार करते आणि सामान्य लोकांचीही संमती लागते. गादीवर बसताना नव्या प्रमुखाला सर्वांसमक्ष बजावले जाते, की त्याने मंडळाचा सल्ला डावलू नये, लोभ धरू नये, लोकांचा अपमान करू नये. हे वचन मोडणाऱ्या प्रमुखाला गादीवरून उतरवण्याचा अधिकार लोकांना असे आणि तो वापरलाही जाई. ब्रिटिशांनी अशांती राज्य ताब्यात घेतल्यावर प्रमुखांना कायम ठेवले, पण त्यांना मान्यता देणे आणि काढून टाकणे आपल्या हाती घेतले. प्रमुखाची निष्ठा त्यामुळे लोकांकडून जिल्हा आयुक्ताकडे वळली. एरवी वरवर शाबूत दिसणारी ही संस्था आतून कशी पोखरली गेली, हे बुसिया यांनी खटल्यांचे, भांडणांचे आणि पदच्युतींचे दाखले देत मांडले. कोकोच्या पिकातून आलेला पैसा, ख्रिस्ती धर्म आणि शाळेत शिकलेली नवी पिढी यांचाही त्यांनी हिशेब घेतला. आफ्रिकी समाजाचा अभ्यास तोवर बहुतांशी बाहेरून आलेले लोक करत. ज्या समाजात जन्म घेतला त्याच समाजाचे इतके तटस्थ आणि तरीही आस्थेचे विवेचन करणारा हा ग्रंथ आजही वाचावा असा आहे.

सेकोंडी-ताकोराडी या बंदर आणि रेल्वेच्या जुळ्या शहरात त्यांनी केलेली सामाजिक पाहणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मजुरी, घरटंचाई, मोडकळीला आलेली कुटुंबे आणि रस्त्यावर वाढणारी मुले यांची त्यात नोंद आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्ड कोस्ट युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकवू लागले आणि तेथील पहिले आफ्रिकी प्राध्यापक झाले.

राजकारणात ते शिरले ते अध्यापन चालू असतानाच. १९५१ मध्ये अशांती प्रमुखांच्या मंडळाने त्यांना विधिमंडळावर निवडून पाठवले. त्याच निवडणुकीत एनक्रुमा यांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीने मोठे यश मिळवले होते. एनक्रुमा यांच्यामागे बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया, कामगार आणि अर्धवट शिकलेले बेकार तरुण होते. बुसिया यांच्यामागे वकील, प्राध्यापक आणि पारंपरिक प्रमुख होते. गर्दीला हलवून सोडणारी वाणी त्यांच्याकडे नव्हती. १९५४ च्या निवडणुकीत त्यांच्या घाना काँग्रेस पार्टीला एकच जागा मिळाली, ती त्यांची स्वतःची.

याच वर्षी सरकारने शेतकऱ्यांना मिळणारा कोकोचा भाव ६० पौंडांच्या पोत्याला ७२ शिलिंग असा चार वर्षांसाठी बांधून टाकला. जागतिक बाजारात भाव याहून कितीतरी चढा होता. कोको पिकवणारा अशांती प्रदेश खवळला आणि कुमासीत नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट ही संघटना उभी राहिली. तिची मुख्य मागणी संघराज्याची होती. बुसिया तिचे विधिमंडळातील नेते झाले. पुढची दोन वर्षे कुमासीत दोन्ही बाजूंनी दंगे आणि बॉम्बहल्ले झाले. १९५६ च्या निवडणुकीत एनक्रुमा यांच्या पक्षाने १०४ पैकी ७१ जागा जिंकल्या. त्यानंतरही बुसिया लंडनला जाऊन, घटनेतील हमी पक्क्या होईपर्यंत स्वातंत्र्याची घाई करू नये, असे ब्रिटिश सरकारला सांगत राहिले. ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी त्यांना अखेरपर्यंत माफ केली नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशातील नेत्याने परक्या सत्तेकडे थांबा म्हणून अर्ज करणे लोकांना रुचणार नव्हतेच. त्यांची भीती मात्र निराधार नव्हती. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. वर्षअखेरीस प्रादेशिक, वांशिक आणि धार्मिक पायावरील पक्षांवर बंदी आली आणि १९५८ मध्ये खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याचा कायदा झाला.

बंदीमुळे विरोधी गट युनायटेड पार्टी या नावाने एकत्र आले. बुसिया तिचे नेते होते. सहकाऱ्यांची धरपकड सुरू झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी देश सोडला. मागे राहिलेले त्यांचे ज्येष्ठ सहकारी, वकील जे. बी. डांक्वा १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात वारले. परागंदा असताना बुसिया नेदरलँड्समध्ये लायडन विद्यापीठात आणि त्यानंतर ऑक्सफर्डच्या सेंट अँटनीज कॉलेजात होते. मेथडिस्ट पंथाचे ते श्रद्धावान अनुयायी होते. चर्चच्या जागतिक परिषदेसाठी त्यांनी ब्रिटनमधल्या शहरी चर्चचा समाजशास्त्रीय अभ्यास केला. युरोपीय अभ्यासकांनी आफ्रिका धुंडाळायची, या रिवाजाची येथे उलटापालट झालेली दिसते. आफ्रिकेतील लोकशाहीवरील त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये निघाला. एकपक्षीय राज्य हेच आफ्रिकी परंपरेला धरून आहे, हा त्या काळी अनेक राष्ट्रप्रमुखांचा दावा होता. आपल्याकडच्या परंपरेत चर्चा, मतभेद आणि प्रमुखाला पदावरून काढण्याची सोय होती, हे बुसिया यांनी त्याविरुद्ध ठामपणे मांडले. प्रबंधात जमवलेली सामग्री त्यांना येथे कामी आली.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी एनक्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कर आणि पोलिसांनी सत्ता घेतली. बुसिया परतले आणि नव्या राजवटीच्या नागरी शिक्षण केंद्राचे प्रमुख झाले. या कामाच्या निमित्ताने त्यांना देशभर फिरता आले आणि त्यांचे नाव खेड्यांपर्यंत पोचले. ऑगस्ट १९६९ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रोग्रेस पार्टीने १४० पैकी १०५ जागा मिळवल्या. के. ए. ग्बेडेमा यांच्या नॅशनल अलायन्स ऑफ लिबरल्सला २९ जागा मिळाल्या. घानाच्या दुसऱ्या प्रजासत्ताकात बुसिया पंतप्रधान झाले.

१८ नोव्हेंबर १९६९ रोजी त्यांच्या सरकारने हुकूम काढला, की ज्या परदेशी नागरिकांकडे वास्तव्याचा परवाना नाही त्यांनी तो दोन आठवड्यांत मिळवावा, अन्यथा देश सोडावा. बेकारी वाढली होती आणि परक्यांविषयी रोष होता. नायजेरियातील योरुबा व्यापारी, अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो), टोगो आणि नायजर येथील मजूर असे लाखो लोक सामानसुमान टाकून निघाले. त्यांतले कित्येक घानातच जन्मले होते. कोकोच्या मळ्यांत मजुरांची टंचाई निर्माण झाली आणि शेजारी देशांशी संबंध दुरावले. पुढच्या वर्षी लहान व्यापार घानाच्या नागरिकांसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. त्याची झळ लेबनीज व्यापाऱ्यांबरोबर तेथील भारतीय, विशेषतः सिंधी, दुकानदारांनाही बसली. स्थलांतरित मजुरांचे जिणे सेकोंडी-ताकोराडीत ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांच्याच सहीने हे व्हावे याचे वाईट वाटते.

१९७० च्या आरंभी सरकारने ५६८ सरकारी सेवकांना एकदम कामावरून काढले. आधार होता तो लष्करी राजवटीने निर्माण केलेल्या पदांविषयीच्या, घटनेतील संक्रमणकाळच्या एका कलमाचा. राष्ट्रीय व्यापार महामंडळाचे सल्ला नावाचे एक व्यवस्थापक न्यायालयात गेले. आपले पद लष्करी राजवटीने निर्माण केलेले नाही, म्हणून ते कलम आपल्याला लागू होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने एप्रिलमध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. कोणाला कामावर ठेवावे, हे कोणतेही न्यायालय आपल्या सरकारवर लादू शकत नाही, असा त्याचा आशय होता. सल्ला यांना नोकरी परत मिळाली नाही. घानाच्या घटनात्मक कायद्यात हा खटला आजही शिकवला जातो. मंडळाचा सल्ला डावलणाऱ्या प्रमुखाबद्दल बुसिया यांनी प्रबंधात जे लिहिले होते, ते लक्षात घेतले म्हणजे हे भाषण अधिकच बोचते.

या सरकारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रे मोकळी होती, विरोधी पक्ष संसदेत बोलत होता आणि विरोधकांना खटल्याविना डांबण्याचे दिवस परत आले नव्हते. खेड्यांत रस्ते, पिण्याचे पाणी आणि वीज नेण्याला बुसिया यांनी मनापासून प्राधान्य दिले. एनक्रुमा यांच्या काळातील प्रचंड परदेशी कर्ज मात्र मानेवर होते. १९७१ मध्ये कोकोचे भाव घसरले. सप्टेंबरमध्ये कामगार संघटनांची मध्यवर्ती संस्था बरखास्त करण्यात आली. विद्यार्थ्यांच्या अनुदानाऐवजी कर्जाची पद्धत आली. लष्कराच्या सवलतींनाही कात्री लागली. २७ डिसेंबर रोजी सरकारने सेडी या चलनाचे डॉलरच्या तुलनेत ४४ टक्के अवमूल्यन केले. आयात मालाच्या किमती एका रात्रीत भडकल्या आणि शहरांतला असंतोष उफाळला.

१३ जानेवारी १९७२ रोजी, बुसिया उपचारांसाठी लंडनमध्ये असताना, कर्नल इग्नेशियस अचेम्पाँग यांनी सत्ता बळकावली. नव्या राजवटीने सेडीचे मूल्य पुन्हा वाढवले, काही परदेशी कर्जे नाकारली आणि आरंभी लोकांची वाहवा मिळवली. बुसिया घानाला जिवंत परतले नाहीत. ऑक्सफर्डजवळ राहून ते अध्यापन व लेखन करत राहिले आणि तेथेच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पार्थिव घानात नेऊन वेंची येथे सरकारी इतमामाने दफन करण्यात आले.

आजची न्यू पॅट्रिऑटिक पार्टी स्वतःला डांक्वा-बुसिया परंपरेची वारस मानते. तिचे नेते जॉन कुफुओर २००१ ते २००९ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. बुसिया यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी तरुणपणी परराष्ट्र खात्याचे उपमंत्रिपद सांभाळले होते. १९७९ आणि १९९२ च्या घटनांनी घानात अध्यक्षीय पद्धत आणली. त्यामुळे त्या देशाच्या राज्यघटनेनुसार पंतप्रधानपद भूषवणारी शेवटची व्यक्ती बुसिया हीच ठरली.